आधी बोल्टचं डोकं वाचा, दुकान नंतर शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घरच्या घरी उभी करणाऱ्या हौशी लोकांवर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटो तर झकासच, पण मधेच एका ओळीत लिहिलंय की इंजिन माउंटिंग, सस्पेन्शन, सीट असल्या ठिकाणी हाय टेन्साईल, म्हणजे जास्त ताण सोसणारे, बोल्ट टाकावेत, ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळून जातात आणि शक्यतो स्टेनलेसचे घ्यावेत म्हणजे गंजायची कटकट नाही. पहिला भाग बरोबर आहे, पुढचे दोन्ही साफ चूक, आणि पेपरात छापून आलंय म्हटल्यावर कोणीतरी ते वाचून खरंच तसे बोल्ट आणून बसवणार म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, पाहिजे तर कात्री लावा पण आकडे तेवढे कापू नका.

माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमधे गेली, म्हणजे आलेला माल मोजायचा, कडकपणा तपासायचा, सर्टिफिकेट वाचायचं आणि नापास झाला तर परत पाठवायचा (आणि मग खरेदी खात्याच्या शिव्या खायच्या). गाड्यांचा नाद नंतर लागला. आता ओळखीत कोणी गाडीचं काम काढलं की हमखास फोन येतो, एच.टी. (हाय टेन्साईल) बोल्ट कुठे मिळतील हो? मी उलट विचारतो, कशाला पाहिजेत, साईज काय, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) किती, लांबी कुठून कुठपर्यंत मोजली. निम्मे लोक तिथेच म्हणतात थांबा बघून सांगतो.

तर आधी डोकं. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असं उठवलेलं असतं, हा दशांश अपूर्णांक नाही, दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्याला शंभरने गुणलं की तुटायची ताकद मेगापास्कलमधे मिळते, आणि दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. म्हणजे ८.८ हा ८०० ला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, लांबायला लागतो. साध्या एम.एस. (मऊ पोलादाच्या) बोल्टचा एक प्रकार ४.६, तो ४०० आणि २४०. हे नुसतं वाचून काही वाटत नाही म्हणून एम१०, म्हणजे १० मिमी जाडीचा, जाड आट्यांचा बोल्ट घेऊ, त्याचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात, त्यावर ४.६ चा बोल्ट साधारण २.४ टनाला तुटेल, ८.८ चा ४.७ टनाला आणि १०.९ चा ६ टनाच्या आसपास. दिसायला तिघं सख्खे भाऊ, जाडी तीच, पाना तोच.

पण आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं ते त्याच्या शेजारचं बनवणाऱ्याचं चिन्ह, दोन अक्षरं किंवा छोटा लोगो, आणि ते कोणीच बघत नाही. आयएसओ ८९८-१ ह्या मानकाप्रमाणे ह्या दर्जाच्या षटकोनी डोक्याच्या बोल्टवर एम५ पासून पुढे दोन्ही पाहिजे, दर्जा आणि चिन्ह. नुसतं १०.९ आहे आणि चिन्ह नाही म्हणजे तो बोल्ट कोणी केला हे सांगायला कोणी तयार नाही, असला बोल्ट मी दाराच्या कडीला पण लावणार नाही. इंच मापाच्या बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात, ग्रेड ५ ला तीन, ग्रेड ८ ला सहा, ग्रेड ५ म्हणजे ढोबळपणे ८.८ च्या जवळचा आणि ग्रेड ८ म्हणजे १०.९ च्या जवळचा. त्यावर पण चिन्ह बघायचंच.

आता स्टेनलेस. सगळ्यात जास्त मिळणारा स्टेनलेस बोल्ट ए२-७०, त्यातला ७० म्हणजे ७०० मेगापास्कल आणि त्याचं यील्ड, म्हणजे कायमचा ताणला जायला लागतो तो आकडा, ४५०, म्हणजे ८.८ पेक्षा तो ताणायला बराच लवकर लागतो. ए४-८० घेतला तरी ८०० आणि ६००. वर स्टेनलेसचे आटे एकमेकांना चावतात, कोरडा नट जोरात फिरवला तर अर्ध्यात असा जाम होतो की पुढे जात नाही मागे येत नाही, मग ग्राइंडर. नंबर प्लेट, आतलं ट्रिम, हीट शील्ड इथे खुशाल लावा. सस्पेन्शनच्या आर्मला लावू नका.

आता मूळ प्रश्न, घ्यायचे कुठून. मी कायम पहिलं एकच सांगतो, ज्या गाडीचा भाग बसवताय त्या गाडीच्या कंपनीच्या पार्ट काउंटरवर जा, पार्ट नंबर काढा आणि तोच बोल्ट मागवा. लोक नाक मुरडतात, एका बोल्टला एवढे पैसे? पण त्या बोल्टमधे काय काय असतं ते बघा, दर्जा ठरलेला, मुलामा ठरलेला, डोक्याखाली फ्लँज, आट्यांना आधीच लावलेलं लॉकिंगचं औषध, दांड्याची लांबी अशी की आटे ब्रॅकेटच्या कडेवर येत नाहीत. हे सगळं बाहेरून जुळवायला गेलात तर वेळ तर जातोच, आणि शेवटी एखादी गोष्ट राहतेच. सबफ्रेम, कॅलिपर, स्टिअरिंग, कंट्रोल आर्म, चाकं ह्यासाठी मी दुसरीकडे बघतच नाही. चाकाच्या बोल्टचं तर डोकं कुठे टेकतं त्याचा आकार वेगळा असतो, कुठे ६० अंशाचा शंकू कुठे गोलाई, एकाच्या जागी दुसरा घातला तर नुसत्या कडेवर टेकून राहतो.

सीटबेल्टचं एक खास सांगतो कारण ह्यात भलेभले फसतात. बऱ्याच गाड्यांमधे, गाडी पूर्ण मेट्रिक असली तरी, बेल्टचा बोल्ट इंचाचा असतो, ७/१६ इंच, इंचाला २० आटे. म्हणजे जाडी ११.१ मिमी आणि पिच १.२७. आता एम१२ च्या बारीक आट्याच्या नटचं पिच १.२५. पिच जवळजवळ सारखं, त्यामुळे ७/१६ चा बोल्ट एम१२ × १.२५ च्या नटमधे हाताने सरसर आत जातो, थोडा ढिला वाटतो इतकंच, आणि माणूस म्हणतो बसला. आटे एकमेकांना जेमतेम टोकाला शिवलेले असतात. टॉर्क दिला की बऱ्याचदा तिथेच आटे जातात, आणि नाही गेले तर ते जास्त वाईट कारण मग ते अपघाताच्या वेळी जाणार. हातात घेऊन डोळ्याने हा फरक कळत नाही, व्हर्नियर आणि पिच गेज लावलं की लगेच कळतो. पिच गेज म्हणजे पात्यांचा एक छोटासा जुडगा, ज्याच्याकडे गाडीचं काम आहे त्याच्याकडे तो नसेल तर बोल्ट घ्यायच्या आधी तो घ्या.

आणि कृपा करून पान्याच्या मापावरून बोल्ट मागू नका. "१७ चा बोल्ट द्या" म्हणतात लोक. १७ चा पाना जुन्या डीआयएन (जर्मन मानक) मापाच्या एम१० ला लागतो आणि जपानी गाड्यांच्या एम१२ ला पण लागतो. आयएसओ मापात एम१० चं डोकं १६ चं, जपानी छोट्या डोक्याचं १४ चं. वर एम१० चं पिच १.५ असेल, जपानी गाडीत बहुतेक १.२५, क्वचित कुठे १.० पण. एवढे सगळे प्रकार एकाच ड्रॉवरमधे पडलेले असतात आणि दुकानदार समोर हात घालून देतो.

ज्या जागी गाडीच्या कंपनीचा बोल्ट नसतोच, म्हणजे तुम्हीच बनवलेला ब्रॅकेट, दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकताना केलेलं माउंटिंग, तिथे फक्त नटबोल्टचा धंदा करणाऱ्या औद्योगिक पुरवठादाराकडे जायचं, जो कारखान्यांना माल देतो. सर्वसाधारण हार्डवेअरवाला आणि हा ह्यात फरक असा की ह्याच्याकडे माल बंद खोक्यात येतो आणि खोक्यावर लेबल असतं, मानक, साईज, दर्जा, मुलामा, बनवणारा आणि लॉट नंबर. लॉट नंबर असेल तर त्या लॉटचं सर्टिफिकेट मागता येतं, ईएन १०२०४ ह्या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ म्हणतात त्याला, त्यात त्याच मालावर केलेल्या चाचणीचे आकडे असतात. नुसतं 'माल मानकाप्रमाणे आहे' असं लिहिलेला कागद म्हणजे २.१, तो घेऊन काय करायचं, तसं तर कोणीही लिहून देईल. हौशी माणसाला सर्टिफिकेटचा कागद दर वेळी मिळेलच असं नाही आणि प्रत्येक ब्रॅकेटला त्याची गरजही नाही, पण विचारून बघाच, कारण विचारल्यावर समोरच्याचं तोंड कसं होतं त्यावरून बरंच कळतं. जो लगेच म्हणतो हो लॉट बघून पाठवतो, त्याच्याकडे पुन्हा जा.

हे लोक सुटे देत नाहीत, पूर्ण खोकं घ्या म्हणतात, ही अडचण खरी आहे. दोघंतिघं मिळून घ्या, एम८ आणि एम१० चे बोल्ट कधीच वाया जात नाहीत. आणि मागताना पूर्ण वाक्य बोला, षटकोनी डोकं, एम१०, पिच १.२५, लांबी ६०, अर्धे आटे, १०.९, झिंक फ्लेकचा मुलामा, सोबत १० दर्जाचे नट आणि कडक वायसर. अर्धे आटे की पूर्ण आटे हे सांगितलंच पाहिजे कारण लोक इथे गाफील असतात. जाड आट्याचा अर्धा म्हणजे डीआयएन ९३१, आताचा आयएसओ ४०१४, पूर्ण आट्याचा डीआयएन ९३३, आताचा आयएसओ ४०१७, बारीक आट्यांचे त्यांचे भाऊ ९६० आणि ९६१. जिथे बोल्टवर आडवा मार येतो, बुशमधून जाणारा बोल्ट समजा, तिथे आट्यांवर भार येता कामा नये, गुळगुळीत दांडा आला पाहिजे. एम१० च्या अर्ध्या आट्याच्या बोल्टला १२५ मिमी लांबीपर्यंत २६ मिमी आटे असतात, एम१२ ला ३०. म्हणजे ६० लांबीच्या एम१० ला ३४ मिमी दांडा. तुमच्या ब्रॅकेटची आणि बुशची जाडी मोजा, दांडा तेवढा येईल अशी लांबी मागवा, वायसरचा हिशोब धरा, शेवटी टोक जास्त आलं तर आट्याचं टोक कापा. बहुतेक जण उलट करतात, नट मावेल एवढी एकूण लांबी मोजून पूर्ण आट्याचा आणतात आणि मग बुशच्या आत आटे करवतीसारखे घासत बसतात.

अजून एक जागा आहे जी लोकांच्या डोक्यात येत नाही. ट्रॅक्टर, खोदाईची मशीनं, मोठे ट्रक ह्यांचे पार्ट काउंटर. ह्या मशीनवर बोल्ट जाड, दर्जा बहुतेक १०.९ किंवा ग्रेड ८, आणि त्यांना रोज सुटे विकायची सवय असते कारण शेतात उभं राहिलेलं मशीन खोक्याची वाट बघत नाही. साईज जुळली तर माल चांगला मिळतो, फक्त बारीक पिचची चणचण. इंजिनच्या आतल्या कामाला, म्हणजे कनेक्टिंग रॉड, हेड, फ्लायव्हील, तिथे मात्र रेसिंगचे बोल्ट बनवणारे वेगळे आहेत, एआरपी त्यातली जुनी कंपनी, १९६८ पासूनची, त्यांचा माल अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि सोबत आलेला कागद फेकू नका कारण टॉर्कचा आकडा त्यांच्याच ग्रीससकट धरलेला असतो. ॲलन बोल्टसाठी उनब्राकोसारखी नावं सगळ्यांना माहीत आहेत.

भंगारातली गाडी? चालेल, मी स्वतः आणतो. फ्लँजवाले मूळ बोल्ट तिथे ढिगाने मिळतात आणि त्यावर चिन्ह, दर्जा सगळं असतं. पण ताणून बसवायचे बोल्ट, म्हणजे ज्यांना टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलेलं असतं, ते एकदाच वापरायचे, ते तिथून उचलू नका. आणि ज्याला गॅसने लाल करून काढलंय तो तर अजिबात नको. बोल्टला पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून) नंतर टेंपर केलेलं (पुन्हा बेताने तापवलेलं) असतं, मानकात ह्या दर्जांना टेंपरचं कमीत कमी तापमान साधारण ४२५ अंश सेल्सिअस आहे, त्याच्या वर गरम झाला की पाणी उतरलं, डोक्यावर १०.९ तसंच राहतं आणि आत काय उरलंय देव जाणे. ह्याच कारणासाठी हाय टेन्साईल बोल्टला वेल्डिंग करायचं नाही. करतात लोक, डोकं वेल्ड करून टाकतात म्हणजे पाना लावावा लागत नाही.

आता १२.९ बद्दल, कारण 'सगळ्यात मोठा आकडा द्या' ही मागणी मी शंभरदा ऐकलीये. मोठा आकडा म्हणजे मोठी सुरक्षितता असं नसतं. ८.८ तुटायच्या आधी १२ टक्के तरी लांबतो, १०.९ नऊ, १२.९ आठ. म्हणजे जसजसा कडक तसतसा तो सांगून कमी तुटतो. आणि १२.९ चा कडकपणा रॉकवेल सी ह्या मोजपट्टीवर ३९ ते ४४, इथे हायड्रोजनचा प्रश्न सुरू होतो. झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग करताना आधी ॲसिडमधे बुडवतात, मग विजेने मुलामा चढवतात, दोन्हीत हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंग झाल्यावर लगेच २०० अंशाच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवावं लागतं, आणि स्वस्तातला प्लेटिंगवाला तेच नेमकं टाळतो. वरून चकाचक, पिवळा नाहीतर निळसर.

एका ओळखीच्या मुलाने असेच चमकणारे १२.९ चे ॲलन बोल्ट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आणून हबच्या अडॅप्टरला लावले, टॉर्क पान्याने नीट, क्रमाने, सगळं पुस्तकाप्रमाणे. गाडी जॅकवरच होती, हललीसुद्धा नाही. सकाळी खाली एक डोकं पडलेलं. त्याने ते डोकं माझ्याकडे आणलं, भिंगाखाली धरलं तर तुटलेली जागा सपाट, कुठेच मान ओढली गेल्यासारखी बारीक झालेली नाही, कडेला डोक्याखालच्या गोलाईपासून आत खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते आणि शेवटी एका बाजूला पातळशी ओठासारखी कड, तेवढीच काय ती ओढून तुटलेली. बाकीचे आम्ही काढले तर आणखी एकाला त्याच गोलाईत केसाएवढी चीर. जास्त टॉर्कने तुटला असता तर पिळल्याचे, ओढल्याचे वळ दिसले असते, आणि तो पाना लावतानाच तुटला असता, रात्री सगळे झोपल्यावर नाही. त्यामुळे १२.९ लागलाच तर काळा तेलातला घ्या, नाहीतर झिंक फ्लेक मुलाम्याचा, ज्यात ॲसिड आणि वीज दोन्ही टाळता येतात. आयएसओच्या मानकातसुद्धा १२.९ वापरताना जपून असा इशारा तळटीपेत दिलाय. गाडीच्या बहुतेक कामाला १०.९ पुरून उरतो, आणि बऱ्याच ठिकाणी ८.८ च योग्य असतो.

नकली मालाचं काय, तर हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ग्रेड ८ च्या सहा रेघा मारलेले पण बोरॉन पोलादाचे हलक्या दर्जाचे बोल्ट बाजारात इतके पसरले की लष्कराच्या वाहनांमधे सापडले. ते थंड असताना ताकद बरोबर दाखवायचे, गरम जागी ढिले पडायचे. संसदेच्या समितीने चौकशी केली, शेवटी १९९० साली फास्टनरच्या दर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला, १९९९ मधे तो सुधारला, आणि त्यात बनवणाऱ्याचं नोंदवलेलं चिन्ह हा मोठा मुद्दा होता. म्हणून मी मगाशी चिन्हावर एवढा अडून बसलो.

हातात घेऊन काय बघायचं? आट्यांचं टोक भिंगाखाली बघा, चांगला बोल्ट दाबून लाटलेल्या आट्यांचा असतो, त्याच्या टोकावर बरेचदा बारीक रेघेसारखी खाच दिसते आणि तळ गुळगुळीत गोल असतो. लेथवर कापलेले आटे असतील तर तळाशी हत्याराचे ओरखडे दिसतात, थकून तडा जायला तेवढं पुरतं. डोक्याखालची गोलाई बघा, तिथे काटकोन दिसला की ठेवून द्या. अक्षरं उठावदार, सारखी पाहिजेत. एकाच खोक्यात दोन वेगळी चिन्हं निघाली तर ते खोकं कोणीतरी भरलंय. पण एवढं सगळं बघूनसुद्धा कडकपणा डोळ्याने कळत नाही, आणि कानस घासून बघणारे आहेत त्यांना ८.८ आणि १०.९ मधला फरक कळतो असं मला तरी कधी दिसलं नाही. मोठ्या कामाचा माल असेल तर दोनचार जास्त घ्या आणि एखाद्या मटेरियल टेस्टिंग लॅबमधे कडकपणा काढून आणा, छोटं काम आहे ते. १०.९ असेल तर रॉकवेल सी वर ३२ ते ३९ च्या मधे आला पाहिजे. २५ आला तर तो कोणाचा तरी ८.८ आहे, कपडे बदललेला.

ऑनलाइन शोधणाऱ्यांसाठी दोन खड्डे सांगून ठेवतो. 'हाय स्ट्रेंग्थ बोल्ट' असं टाकलं की निम्म्या वेळा इमारतीच्या, पुलाच्या स्टील स्ट्रक्चरचे बोल्ट समोर येतात, मोठं डोकं, आटे छोटे, डोक्यावर १०.९ च्या सोबत एचव्ही, गरम जस्तात बुडवलेले. बोल्ट उत्तम आहेत, पण तुमच्या गाडीसाठी केलेले नाहीत, पिच जाड आणि लांबीचा हिशोब जुळत नाही. दुसरं, रंगीत टायटॅनियमचे बोल्ट, ग्रेड ५ म्हणून विकतात, तो टायटॅनियमचा ग्रेड ५ वेगळा आणि इंच बोल्टचा ग्रेड ५ वेगळा, त्याची ताकद ९०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे १०.९ च्या खालीच, वजन वाचवायला ठीक. आणि हो, गोल बटण डोक्याचे किंवा आत बुडणारे ॲलन बोल्ट, त्यांच्यावर ०१०.९ असं आधी शून्य दिसेल. ते शून्य उगाच नाही, डोकं छोटं असल्यामुळे तो पूर्ण भार घेत नाही एवढं ते सांगतं. सीटच्या रेलला (सरकपट्टीला) दिसायला छान दिसतात म्हणून लोक नेमके तेच लावतात.

नट आणि वायसरवर थोडक्यात. १०.९ च्या बोल्टला १० दर्जाचा नट, १२.९ ला १२. नट हलक्या दर्जाचा असेल तर त्याचे आटे आतून निघून येतात आणि ते बाहेरून दिसत नाही. वायसर मऊ असेल तर डोकं त्यात रुतत जातं आणि चार दिवसांनी बोल्ट ढिला, १०.९ ला ३०० एचव्हीचा (हे एचव्ही म्हणजे विकर्स कडकपणा, पुलाच्या बोल्टवरचं वेगळं) वायसर मागा, ८.८ ला २०० चालतो. नायलॉनचा लॉक नट एक्झॉस्टजवळ नको, साधारण १२० अंशाला नायलॉनचं काम संपतं, तिथे पूर्ण धातूचा घ्या. आणि मीटरने मिळणाऱ्या आटेवाल्या सळईतून स्टड कापायचे असतील तर तिच्या टोकावरचा दर्जाचा रंग किंवा शिक्का बघा, काही नसेल तर ती ४.६ किंवा ४.८ चीच समजा.

टॉर्कबद्दल लेखात काहीच नव्हतं, त्यावर मी इथे लिहायला बसलो तर अख्खी पुरवणी जाईल. एवढंच की तुम्ही पान्याने लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, बाकी डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात. म्हणून तक्त्यातला आकडा कोरड्या आट्याचा आहे की तेल लावलेल्या, हे न बघता तेल लावून तोच आकडा दिला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. बोल्ट विकत घेताना त्याच्या मुलाम्यासाठी कुठला आकडा धरायचा हे पण त्या पुरवठादाराला विचारून घ्या, चांगल्याकडे तक्ता असतो.

पुढच्या भागात ब्रेकवर लिहिणार असं लेखाच्या शेवटी छापलंय. त्या लेखकांना माझा एवढा निरोप द्या की कॅलिपरचे कुठले बोल्ट एकदाच वापरायचे हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे मॉडेलप्रमाणे वेगळं दिलेलं असतं, ते पान उघडून बघितल्याशिवाय 'जुने साफ करून लावा' असं सरसकट लिहू नका, आणि फोटो काढताना एक फोटो बोल्टच्या डोक्याचा, अक्षरं वाचता येतील एवढ्या जवळून काढा.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक